भाऊबीजेला समुद्र किती वाजता भरतो? कोकणात मासे गरवायला निघण्याआधी एवढं समजून घ्या

दिवाळीची सुटी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणाकडे वळतात. हल्ली त्यातल्या काही गाड्यांच्या डिकीत लांबट पिशवी असते. तिच्यात रॉड, रीळ आणि ऑनलाइन मागवलेला रंगीबेरंगी आमिषांचा डबा. अलिबाग, मुरूड, हर्णे, गुहागर, मालवण, कुठेही उतरलं तरी बेत एकच, समुद्राकाठी उभं राहून गळ टाकायचा. कोकणात याला 'गरवणं' म्हणतात आणि तिथली शाळकरी पोरंही हे काम साध्या काठीनं किंवा नुसत्या हातदोरीनं करतात.

पर्यटकाचं सामान बहुतेकदा त्या पोरांपेक्षा भारी असतं. मासा मात्र पोरांना लागतो. याचं कारण रॉडमध्ये नाही, घड्याळात आहे. पोरांना पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे पाठ असतं. पाहुणा नाश्ता आटोपला की निघतो. ही चूक रिकाम्या हातानं परतण्यापुरती असती तर ठीक होतं. पण जी वेळ चुकल्यामुळे मासा लागत नाही, तीच वेळ चुकल्यामुळे माणसं खडकावर अडकतात.

सणाची तिथी, समुद्राची वेळ

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावर आजही चालतो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यामागे साधं खगोलशास्त्र आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबात ती ४५ मिनिटं धरली आहे. त्यामुळे वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. शिवाय दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी लवकर येते. मालवण-गोव्याकडे ती मुंबईच्या आधी साधारण पाऊण ते एक तास. अचूक वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळते आणि तीच पाहावी. पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर कालनिर्णय पाहून काढलेला हा अंदाजही जीव वाचवण्याइतका बरोबर असतो.

आता गंमत पाहा. आपले बहुतेक सण तिथीवर ठरतात, म्हणजे त्या दिवशीचा समुद्रही ठरलेला असतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा होतो. यालाच उधाण म्हणतात. त्याचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. थोडक्यात, इंग्रजी तारीख कोणतीही असो, दिवाळीतला पर्यटक दरवर्षी उधाणातच किनाऱ्यावर उतरतो. होळी आणि धुळवडीचंही तेच.

भाऊबीजेचा हिशेब मांडला तर दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि त्याआधीची ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातला. पोहे-चहा आटोपून साडेनऊला किनाऱ्यावर पोहोचलेल्या कुटुंबाला काय दिसतं? पाणी खूप आत गेलंय, ओली वाळू चमकतेय, एरवी बुडालेले खडक उघडे पडलेत. गळ टाकायला याहून चांगली जागा कोणती, असं वाटून मंडळी थेट त्या खडकांच्या टोकावर जातात. आणि नेमकं तेव्हाच पाणी सर्वांत वेगानं चढायला लागलेलं असतं.

पाणी नेमकं किती वेगानं चढतं?

भरती एकसारख्या गतीनं येत नाही. खलाशी यासाठी बाराव्या भागाचा नियम वापरतात. ओहोटी ते भरती हा सहा तासांचा काळ धरला तर पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं.

मुंबई-अलिबाग पट्ट्यात मोठ्या उधाणाला हा चढ-उतार चार मीटर किंवा त्याहून जास्त असतो. मालवणकडे तो बराच कमी, दोन-सव्वादोन मीटरच्या घरात. चार मीटर धरले तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी वाढतं. गुडघ्याएवढं पाणी तासाभरात छातीच्या वर जातं. किनारा सपाट असेल, समजा शंभर मीटरला एक मीटर उतार, तर पाण्याची कड त्या तासात शंभर मीटर पुढे येते. दर मिनिटाला दीड मीटरपेक्षा जास्त.

तरीही समोरून येणारं पाणी माणसाला दिसतं. फसवतं ते मागून येणारं. समुद्रातले खडक किंवा वाळूचे उंचवटे आणि किनारा यांच्या मधे बहुतेकदा सखल पट्टा असतो. भरती आधी त्या पट्ट्यात शिरते. खडपाच्या टोकावर उभा असलेला माणूस समोर बघत असतो, त्याची जागा कोरडीच असते आणि परतीची वाट मात्र बुडालेली असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेले पर्यटक अडकतात ते याच कारणानं. मुरूडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेल्या दहाहून अधिक विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला, तेव्हापासून किनाऱ्यांवर इशाऱ्याचे फलक वाढले. फलकावर लिहिलेली भरतीची वेळ मात्र फार थोडे जण वाचतात.

म्हणून खडपावर जायचं असेल तर उतरत्या पाण्यासोबत जावं आणि पूर्ण ओहोटीच्या वेळी परत फिरावं. कोकणात उतरत्या पाण्याला सुकती म्हणतात. 'सुकतीला जा, भरतीआधी ये' एवढं पाळलं तरी खूप झालं. ओल्या, हिरव्या शेवाळाच्या खडकावर पाय ठेवूच नये. तो ओला आहे याचा अर्थ तिथवर लाटा येतात.

मग मासा कधी आणि कुठे?

नवख्याचा सर्वांत मोठा गैरसमज असा की मासा लांब असतो. त्यामुळे सगळा जोर गळ जास्तीत जास्त दूर फेकण्यावर. प्रत्यक्षात किनाऱ्यालगत खाणारा मासा अनेकदा २० ते ४० मीटरवर असतो, कधीकधी त्याहूनही जवळ. पाणी चढू लागलं की वाळूतले खेकडे, किडे, लहान कोळंबी बाहेर येतात, शिंपले उघडतात. मुडदुशी, म्हणजेच नगली, त्यांच्यामागे अगदी गुडघाभर पाण्यात येते. तिथे उभा राहून शंभर मीटरवर फेकणारा माणूस माशांच्या डोक्यावरून गळ टाकत असतो.

जागा ओळखण्याचा उत्तम उपाय म्हणजे आदल्या दिवशी ओहोटीत किनाऱ्यावर एक फेरी मारणं. पुळणीवर कुठे लांबट खळगे आहेत, वाळूचा दांडा कुठे तुटला आहे, ओढा कुठे मिळतो, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. भरतीत हेच खळगे माशांचे रस्ते होतात. पाणी भरल्यावरही ते ओळखता येतात. उथळ दांड्यावर लाट फुटून पांढरी होते, खोल खळग्यावर ती न फुटता पुढे सरकते आणि पाणी गडद दिसतं.

इथे एक सावधगिरी, आणि या लेखातली बहुधा सर्वांत महत्त्वाची. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधला जो शांत, गडद पट्टा माशांसाठी चांगला, तोच अनेकदा परतीच्या प्रवाहाचा म्हणजे रिप करंटचा पट्टा असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं, ते अशा तुटलेल्या जागेतून जोरात आत जातं. पोहायला शांत जागा शोधणारे तिथेच उतरतात. जोरदार रिपचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढ्या वेगापुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. गळ त्या पट्ट्याच्या कडेला टाकावा, पाय मात्र तिथे घालू नये. कोणी ओढला गेलाच तर किनाऱ्याच्या दिशेनं न झगडता किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं, दम संपला असेल तर नुसतं तरंगत राहायचं. काठावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. मासे ठेवायचा रिकामा थर्माकोलचा डबा किंवा झाकण घट्ट लावलेला पाण्याचा कॅन दोरी बांधून फेकला तर तो बुडणाऱ्याला धरून तरंगता येतो.

वेळेचं गणित पुळणीवर वेगळं आणि खाडीच्या मुखाशी वेगळं. पुळणीवर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास चांगला. खाडीच्या मुखाशी मात्र सुकतीची वेळ साधतात. खाडीतलं पाणी उतरताना कोळंबी आणि लहान मासे बाहेर वाहून येतात आणि तांबोशी, जिताडा यांसारखे शिकारी मासे तोंडाशी वाट पाहत थांबतात. भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी संपल्यावर थोडा वेळ पाणी थबकतं, तेव्हा दोन्हीकडे मासेही थंडावतात. चहा प्यायची वेळ तीच.

यात पहाट आणि तिन्हीसांज मिसळली की सोन्याहून पिवळं. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, याला भांग म्हणतात. त्या दिवसांत पाऊणपटीच्या हिशेबानं पूर्ण भरती सहा-सातच्या सुमारास, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात येते. पाण्याची ओढ कमी, शिसं जागेवर टिकतं, ऊन नाही. मुरलेले गरवणारे वाहत्या पाण्यासाठी उधाणाकडे झुकतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत. पण मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यानं भाऊबीजेच्या दुपारपेक्षा त्यानंतरच्या आठवड्यातली अष्टमी निवडावी. दिवाळीतच जायचं असेल तर दुपारची भरती सोडून द्यावी आणि चार ते सहा या वेळेत, पाणी उतरताना, खाडीकाठचा धक्का गाठावा.

धक्क्यावरचा खेळ निराळा

धक्क्यावर, म्हणजे जेट्टीवर, लांब फेकण्याचं कारणच नसतं. खांबांना कालवं आणि शिनाणे चिकटलेले असतात, त्यांच्या आसऱ्यानं खेकडे आणि लहान मासे राहतात, आणि त्यांना खायला मोठे मासे खांबांच्या सावलीत फिरतात. आमिष सरळ खाली, खांबाजवळ सोडणं हीच खरी युक्ती. बांगडा किंवा पेडव्यांचा थवा आला तर एका दोरीवर पाच-सहा बारीक गळ असलेली साबिकीची माळ वर-खाली हलवली की पुरते. रात्री धक्क्यावर दिवा असेल तर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर लक्ष ठेवावं. बारीक मासे उजेडात जमतात, मोठे अंधारात थांबतात.

मोठा मासा लागला की नवखे एक चूक हमखास करतात. तीन-चार मीटर उंच धक्क्यावर तो रॉडनंच उचलायला जातात. पाण्यात माशाचं वजन जाणवत नाही, बाहेर येताच ते सगळं दोरीवर पडतं. दोरी तुटते, नाहीतर गळ उलटून वर येतो. त्यासाठी दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडून मासा तिच्यात घ्यायचा असतो. ती नसेल तर मासा ओढत पायऱ्यांपर्यंत न्यावा, पण पायऱ्यांच्या खालच्या, शेवाळलेल्या टप्प्यावर उतरू नये.

गळ फेकण्याआधी मागे वळून बघणं ही सवयच लावून घ्यावी. गर्दीच्या धक्क्यावर मागे फिरणारी मुलं असतात. वर विजेच्या ताराही असतात आणि हल्लीचे रॉड कार्बनचे, म्हणजे वीजवाहक. याच कारणानं आकाशात गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून आडोसा गाठायचा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी आणि मे महिन्यात अशी वादळं बघता बघता उठतात.

सामान किती लागतं?

जाहिरातींत दिसतं त्यापेक्षा खूप कमी. धक्क्यासाठी सात ते नऊ फुटी रॉड, पुळणीसाठी दहा ते बारा फुटी. लांब रॉडचा फायदा दूर फेकण्याइतकाच दोरी लाटांच्या वर धरण्यातही आहे. स्पिनिंग रीळ ४००० ते ६००० आकाराचं, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची नायलॉनची दोरी. ब्रेडेड दोरी ताकदवान असते, पण कालवांच्या धारेवर लगेच कापली जाते आणि जोरात ओढली तर बोटही कापते. नवख्याला नायलॉन बरी.

शिसं ६० ते १०० ग्रॅमचं. वाळूसाठी पिरॅमिडच्या आकाराचं, कारण ते रुतून बसतं. गोल शिसं लाटेबरोबर गडगडत येतं आणि शेजाऱ्याच्या दोरीत अडकतं. जड शिसं जोरात फेकताना दोरी तुटली तर ते गोळीसारखं सुटतं. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात, त्याला शॉक लीडर म्हणतात. त्याचा ठोकताळा असा की शिशाच्या दर २८ ग्रॅममागे साडेचार किलो ताकद. ८५ ग्रॅमच्या शिशाला १४ किलोची दोरी हवी. गर्दीच्या किनाऱ्यावर यात काटकसर नको.

गळांच्या क्रमांकांनी बरेच जण गोंधळतात. ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान, पण ३/० हा १/० पेक्षा मोठा. मुडदुशीचं तोंड लहान, तिला ६ ते ८ नंबर. तांबोशी-जिताड्यासाठी १/० ते ४/०. आमिषासाठी प्लॅस्टिकचे रंगीत मासे पिशवीतच राहू द्यावेत. सकाळी बंदरावर मिळणारी ताजी कोळंबी, माकुलाच्या पट्ट्या, बांगड्याचा तुकडा यांना तोड नाही. कोळंबी सोलून शेपटाकडून गळावर चढवावी, टोक जेमतेम बाहेर ठेवावं.

हातदोरी तर याहूनही स्वस्त. मुलांना शिकवायची असेल तर धक्क्यावरून तिनंच सुरुवात करावी. माशानं आमिषाला तोंड लावलं की तो ठोका थेट बोटाला कळतो, आणि रॉडनं कधी हिसका द्यायचा हे त्यातूनच समजतं.

काय लागेल आणि कशाला हात लावायचा नाही

पापलेट लागेल का, हा पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. सहसा नाही. पापलेट बारीक तरंगते जीव खातं, ते जाळ्यातला मासा आहे. बोंबीलही डोल जाळ्यात येतात. किनाऱ्यावरून गळाला येतात ते मुडदुशी, शिंगाळा, खडकाजवळ हेकरू, खाडीकडे तांबोशी, आणि नशीब असेल तर जिताडा. रायगडात जिताडा म्हणतात तोच पुढे सिंधुदुर्ग-गोव्यात चणक किंवा चोणक. या माशाची एक खासियत आहे. तो आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे फोटो काढावासा वाटणारा मोठा जिताडा बहुधा मादी असते. तिला फोटोनंतर सोडून देणारे शौकीनही आहेत.

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे विषारी काटे असतात. पर्यटकांना होणाऱ्या जखमांत या काट्यांचा नंबर वरचा असावा, कारण मासा निसटू नये म्हणून माणूस नेमका तिथेच धरतो. पक्कड आणि जाड कापड जवळ हवंच. पाकट शेपटीच्या काट्यानं वार करतं. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांचा दंश झाला होता. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच पळतं. शिंगाळा किंवा पाकटाचा काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, पण चटका बसणार नाही अशी, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात आणि वेदना कमी होते. खोल रुतलेला काटा स्वतः उपटू नये, दवाखान्यातच काढून घ्यावा. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्यावं.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नये, गोडं पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन चिकटलेले धागे चिमट्यानं काढावेत.

फुग्यासारखा टम्म फुगणारा केंड गळाला लागला तर मुलांना मजा वाटते. तो खाऊ नये, कुत्र्या-मांजरालाही घालू नये. त्याचं विष शिजवल्यानं जात नाही. आणि लांबट, चपट्या शेपटीचा साप वर आला तर दोरी कापून सोडून द्यावा. समुद्रसाप अत्यंत विषारी असतात.

परवानगी, बंदी आणि किनाऱ्यावरची माणसं

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकणारा त्या बंदीच्या कक्षेत येत नाही. पण त्या दिवसांतला समुद्र पाहता नियमाचा हा कीस पाडण्यात अर्थ नाही. मोसम खरा सुरू होतो तो नारळी पौर्णिमेनंतर आणि हौशी माणसासाठी ऑक्टोबरपासून.

मालवणला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गळ काढण्याआधी वन विभागाकडे विचारायला हवं. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री डोक्यावर पांढरा झोत लावून पुळणीवर फिरू नये, उजेडानं मादी परत फिरते.

राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. उदाहरणार्थ रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. नियमाचा रोख बोटी आणि बाजारावर असला तरी वीतभर पिल्लू सोडून द्यायला हौशी माणसाला काहीच लागत नाही, फक्त ओले हात. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे मरतो.

धक्का हा आधी मच्छीमारांचा आहे. बोटी लागायच्या वेळी, मासळी उतरताना, लिलाव चालू असताना तिथे रॉड घेऊन उभं राहणं म्हणजे कुणाच्या दुकानाच्या दारात गाडी लावणं. प्रवासी फेरीच्या जेट्टीवर आणि बंदराच्या संरक्षित भागात मनाई असते, तिथे वाद घालू नये. पुळणीवर रापण ओढली जात असेल तर गळ गुंडाळून बाजूला व्हावं. जमलं तर दोरीला हात लावावा. कुठे मासा लागतो हे कोणत्याही ॲपपेक्षा तिथली माणसं नेमकं सांगतात, पण ती आधी माणूस बघतात.

निघण्यापूर्वी

वारा नाही म्हणजे समुद्र शांत, असं नसतं. दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून ऐन उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. ४ आणि ५ मे २०२४ रोजी मुंबईसह पश्चिम किनाऱ्यावर असाच इशारा दिला गेला होता. हे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. निघायच्या सकाळी तिचा अंदाज आणि भरतीचा तक्ता, दोन्ही पाहावेत. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक साठवून ठेवावेत. एकट्यानं खडपावर जाऊ नये, आणि मुक्कामाच्या घरी कोणत्या बाजूला चाललो हे सांगून निघावं.

बर्फ मात्र मासा लागण्याआधीच सोबत हवा. बांगड्यासारखा मासा उन्हात तासन्‌तास पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं, आणि हा दोष तळूनही जात नाही. मासा लागताच मारून, आतडी काढून, बर्फात पुरावा. तुटलेली दोरी गोळा करून पिशवीत परत आणावी. नायलॉनची दोरी वर्षानुवर्षं कुजत नाही आणि तिच्यात पक्षी, कासवं अडकून मरतात.

पहिल्या दिवशी लागतील त्या बहुधा चार-पाच मुडदुश्याच. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री सांगून ठेवलं तर त्या आगळ, हळद, मसाला लावून, रव्यात घोळवून दुपारच्या ताटात येतात.